आधी दाबा, मग फिरवा

पत्र सोमवारी आलं, बर्फावर टाकायच्या मिठाच्या बिलासोबत.
तुंबलेली नळी मोकळी करायचे दाणे,
निळी बाटली, पांढरं झाकण.
'झाकण न दाबताही उघडतं. विक्री थांबवा.
आजवर कुणाला इजा झाल्याची नोंद नाही.'

मी ते दुकानाच्या काचेला आतून चिकटवलं,
हरवलेला कुत्रा आणि चर्चमधलं मासळीचं जेवण
यांच्या मधोमध. बाहेर सुपीरियर सरोवर
काठापासून गोठत चाललेलं.

खरं सांगू? आधी वाईट वाटलं ते बाटलीचं.
बोटांच्या पेरांना आल्यासारख्या गाठी आल्यापासून
माझ्याशी न भांडता उघडलेली
कित्येक वर्षांतली ती पहिली वस्तू.
गोळ्यांची डबी मी शेजारच्या मेंगकडून उघडून घेते.
वय वर्षं सात.
त्याला दातसुद्धा लावावे लागत नाहीत.

ही झाकणं बाजारात येण्याआधी म्हणे
चार-चार वर्षांची पोरं बसवतात
आणि रिकाम्या बाटल्या देतात हातात.
पाच मिनिटं.
मग एकदा उघडून दाखवतात, सांगतात,
दात लावलेत तरी चालेल.
आणखी पाच मिनिटं.
दुसऱ्या खोलीत आमच्यासारखी पिकली पानं.
आम्हाला उघडता आलं पाहिजे, त्यांना येता कामा नये.
दोन्ही खोल्यांमधली भिंत म्हणजे
झाकणाच्या आतली एक खाच, नखाएवढी.
या खेपेला साच्यात ती उठलीच नाही.

आमच्या घरी तर पत्र्याचा डबा होता, वर बशी.
नाताळ जवळ आला की आई वाळका कॉड
कॉस्टिकच्या पाण्यात फुगत ठेवायची,
मग कितीतरी दिवस साध्या पाण्यात,
विष उतरेपर्यंत.
आइली दोन वर्षांची. तिला ते साखरेचे खडे वाटले.
आई म्हणायची, ती किंचाळली नाही, तेच भयंकर होतं.

पुढे डॉक्टरांनी तिच्या गळ्यातून दोरा ओवला.
दोऱ्यावरून नळी, दर खेपेला आधीपेक्षा जाड.
दोऱ्याचं टोक गालावर पट्टीने चिकटवून
ती पहिलीत गेली.
कुणी विचारलं तर सांगायची,
आत पतंग आहे.
अजूनही पाव दुधात भिजवून खाते,
आणि फोनवर तिचा आवाज
रेतीवरून होडी ओढल्यासारखा येतो.

इजा झाल्याची नोंद नाही.
आइलीचीही नव्हती.
कोण करणार होतं, कुठल्या वहीत?

सतरा बाटल्या विकल्या होत्या.
नऊ लोकांनी आपणहून आणून दिल्या, पैसे परत घेतले.
उरलेल्यांकडे मीच गेले,
कारण रोखीने घेणाऱ्यांचं नाव पावतीवर नसतं,
पण कुणाचं सिंक तुंबलंय
हे काउंटरवर उभं राहणाऱ्या बाईला ठाऊक असतं.
ऑर्विल टॉफ्टे म्हणाला, माझ्या घरात पोरं कुठे आहेत, हेल्मी?
मी म्हटलं, पाहुणे येतात ना.
तो बराच वेळ दारात उभा राहिला, मग आत गेला,
बाटली आणली. तीन वर्षांत
त्याच्याकडे कुणी पाहुणं आलेलं नाही,
हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सोळा झाल्या.
सतरावी माझ्याच सिंकखाली.

तीन दिवस तिथेच राहू दिली.
मेंग येतो, डबी उघडतो, बिस्किट घेतो,
बिस्किटं सिंकशेजारच्याच कपाटात.
चौथ्या दिवशी ती वर्तमानपत्रात गुंडाळली,
खोक्यात उभी ठेवली, खोक्याला चिकटपट्टी लावली,
ती कात्रीने कापतानाही दोनदा हात थांबला, दुखून.

दुपारी गोळ्यांची डबी घेतली.
दाबली. फिरवली.
टक् टक् टक् करत
झाकण नुसतंच फिरत राहिलं.

असू दे.
शाळा सुटायला आता तासभरच आहे.