अठ्ठावीस इंच

फोर्टमध्ये चौथ्या मजल्यावर आमचे अकरा संगणक आहेत
आणि मॉनिटर एकही नाही.
सगळे घरून काम करू लागले त्या वर्षी
साहेबांनी पडदे भंगारात काढले.
टेबलांवर चौकोनी डाग राहिले, धुळीच्या कडांचे.

मी बदलापूरहून रोज तिथे शिरते.
पुलाचे खांब, तुळया, सळ्यांची वळणं,
इथे हात हलवला की तिथे हलतात,
कुलूपबंद खोलीत.

पहिल्या आठवड्यात काही दिसेचना.
यंत्र चालू, पंखा चालू, दिवा हिरवा,
आणि माझ्यासमोर काळं,
नाहीतर पोस्टकार्डाएवढं चित्र, ज्यात तुळई मावायची नाही.
निनाद फोनवर म्हणाला,
पडदा जोडलेला नसला
की ते चितारायचे कष्टच घेत नाही.
चारशे रुपयांचं काम आहे, लॅमिंग्टन रोडला जा.

छेडांच्या काउंटरवर ते बरणीत होते,
लिमलेटच्या गोळ्या असाव्यात तसे.
अंगठ्याच्या पेराएवढे,
एका टोकाला पिना, दुसऱ्या टोकाला काही नाही.
बिलावर त्यांनी लिहिलं: डमी, ११ नग.

खोचला की तो यंत्राला सांगतो,
मी पडदा आहे, अठ्ठावीस इंच,
रुंदी इतकी, उंची इतकी, सेकंदाला साठ वेळा.
कंपनी विचारली तर तीन अक्षरं सांगतो,
त्यांचा अर्थ छेडांनाही ठाऊक नव्हता.
यंत्र पुढे चौकशी करत नाही.
रंगवायला घेतं.

गेल्या बुधवारी सात नंबर गेलं, ऐन तुळईच्या टोकाशी.
शुक्रवारी मी स्वतः गेले.
किल्ली घेऊन जैतुनबी आली, झाडू काखेत.
"ते बूच होय? मला वाटलं कुणाचं तरी आत मोडून राहिलंय.
फडक्याने धरून काढलं."
ड्रॉवरमधून तिने ते दिलं, रबरबँडात गुंडाळून,
तीन सेफ्टी पिनांच्या शेजारून.

कशाला लागतं, तिने विचारलं.
मी पोर्टपासून सुरुवात केली, मग सोडून दिली.
"ते यंत्राला सांगतं, की समोर कुणीतरी आहे."
"आणि नसतं?"
"नसतं."

ती स्टुलावर टेकली.
"आमचे मस्कतला होते ना,
तेव्हा मी दाराबाहेर चपला ठेवायचे.
डोंगरीची चाळ, रात्रीचं कोण येतं, कोण जातं.
दहा नंबर घेतल्या होत्या. त्यांचा पाय आठचा.
खोटंच सांगायचं, तर जरा मोठं सांगावं.
आणि नुसत्या ठेवून भागत नाही हां.
दोन दिवसांनी एक वाकडी करायची.
जुम्म्याला दुपारी आत घ्यायच्या,
नमाजला गेलेत म्हणून.
तासाभराने परत बाहेर."
"किती वर्षं?"
"नऊ. एकदा तर वरच्या मजल्यावरची म्हणाली,
तुझ्या नवऱ्याचं खोकणं काल फार होतं गं."

मी वाकून सात नंबरच्या पाठीत तो तुकडा खोचला.
पंख्याचा सूर किंचित चढला, एवढंच.
ती टेबलावरच्या डागाकडे बघत थांबली होती,
काहीतरी उजळेल म्हणून.
"झालं?"
"झालं."
"दिसत तर काही नाही."
"इथे नाही दिसायचं."

तिने दिवे मालवले, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.
ते परत आले का, हे विचारायचं माझ्याकडून राहिलं.
जिन्यात ती माझ्या पुढे होती,
पायात जुन्या पुरुषी चपला,
टाचेमागे तीन बोटं जागा,
प्रत्येक पायरीवर फट् फट् मागे राहणाऱ्या.

रात्री बदलापूरहून सात नंबर उघडलं.
पडदा भरून, कडेपासून कडेपर्यंत.
बाण बुधवारी सोडला होता तिथेच,
तुळईच्या टोकाशी,
अर्धी रेघ ओढून थांबलेला.