सुटी

टपरीवर मी नेहमी सुटीच घ्यायचो.
पाकीट घेतलं की माणूस व्यसनी ठरतो,
सुटी घेतली की सहज आलेला,
असा माझा तेवीस वर्षांचा हिशोब.
दिवसातून अकरा वेळा सहज आलेला.

नारायण पेठेत आमचा छापखाना.
लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वास्तुशांतीची कार्डं.
शाई आणि धूर यांच्यात माझं नाक कधी गेलं
कळलंच नाही.
डॉक्टरांनी फुंकायला नळी दिली,
काटा अर्ध्यावर थांबला.
"एवढीच फुंक?" म्हणाले.
येताना झेड ब्रिजवर, जोडप्यांच्या रांगेत,
स्कूटर उभी केली आणि तिघांना फोन केले.

शहनाज म्हणाली, लवंग ठेव दाढेत.
आणि चहा उभ्यानं पिऊ नकोस,
उभा चहा एकटा राहत नाही.

झुंबर पोखरकरनं विचारलं, जास्त कधी होतं?
म्हटलं, सव्वाचारला, मशीन थांबतं तेव्हा.
तेव्हापासून रोज सव्वाचारला त्याचा फोन.
मार्केट यार्डातून कांद्याचा भाव सांगतो,
लसणाचा सांगतो,
मिरचीवर येईपर्यंत तलफ निघून जाते.
एकदा यार्ड बंद होतं
तर त्यानं कालचेच भाव पुन्हा सांगितले.

थोपटे म्हणाला, मला काय विचारतोस,
मी सात वेळा सोडली आहे.
मग थोडं थांबून:
पहिले तीन दिवस कुणाशी महत्त्वाचं बोलू नकोस.
बायकोशी तर नाहीच.
हे एकच मी ऐकलं नाही.
चौथा दिवस माफी मागण्यात गेला.

हाताचं काय करायचं
हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.
दोन बोटं तशीच राहायची, मध्ये फट ठेवून,
एसटीत खिडकीतून रुमाल टाकून
जागा धरावी तशी.

बाराव्या दिवशी नाक परत आलं.
लोक सांगतात, मोगरा येतो, भाजलेली पोळी येते.
मला आधी मुठा भेटली,
पुलावर, सकाळी सकाळी, पुरती.
शहनाज म्हणाली, अभिनंदन,
आता झालास पुणेकर.

एकोणिसाव्या रात्री ससूनच्या फाटकाबाहेर
ओढली.
मेहुण्याला आत घेतलं होतं.
शेजारी एक अनोळखी माणूस,
त्यानं न विचारता पुढे केली,
मी न विचारता घेतली.
शेवटपर्यंत ओढली. छान लागली.
हेही लिहून ठेवायला हवं.

सकाळी वाटलं, सांगूच नये.
सव्वाचारला झुंबर गवारीपर्यंत आला होता
तेव्हा सांगितलं.
तो गप्प. मागे हमालांचा आरडाओरडा.
मग म्हणाला, एक कांदा नासका निघाला
म्हणून कुणी पोतं ओतून देत नाही.
पुन्हा एकपासून मोजू नकोस.
आज वीस.

आज एकशे सात.
सोडली असं मी म्हणत नाही,
सुटते आहे म्हणतो.

थोपटे अजून ओढतो.
माझ्यासमोर नको म्हणून
रस्ता ओलांडून झेरॉक्सच्या पायरीवर जातो,
पाठ करून उभा राहतो,
बापाला घाबरणाऱ्या कॉलेजच्या पोरासारखा.
इकडे मी, दाढेत लवंग, बाकावर बसून चहा.
खरं सांगायचं तर धुरापेक्षा
ते पाच मिनिटांचं उभं राहणंच आठवतं,
ज्यात आम्ही दोघं
काही म्हणजे काही बोलायचो नाही.

काल वारा नदीकडून होता.
मी कप घेऊन रस्ता ओलांडला,
वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहिलो.
थोपटेनं सिगारेट दुसऱ्या हातात घेतली,
लांबच्या.
"उभ्यानं पिऊ नको म्हणाली होती ना ती?"

म्हटलं, तिला सांगू नकोस.