अकरा मिनिटं

दोनशे चाळीस खुर्च्या. मोजून मांडल्या.
गेल्या गुरुवारी यांच्यावर रक्तदान झालं,
त्याआधी खजुराच्या जातींवर व्याख्यान,
त्याआधी नाटक, ज्यात राजा झालेला पोरगा
भर दरबारात खुर्चीसकट कोसळला.
तिचा पाय मी तारेने आवळलाय.
ती मागच्या रांगेत, शेवटून दुसरी.

निझवाचं विद्यापीठ. फेब्रुवारी. रात्रीचे नऊ.
फाटकावर फलक: आकाशदर्शन, सर्वांना मुक्त प्रवेश.
सर्वांना म्हणजे कुणाकुणाला, ते मला
खुर्च्यांवरून कळतं.
केरळच्या नर्सबायका ओळ धरून बसतात,
पोरं पुढे, त्यांच्या आया पोरांच्या मागे,
खजूर आणि कहवा जिथे, तिथे प्राध्यापक.
आणि कुणीतरी एकजण उभाच राहतो.

आज तो खल्फान. नातवाने ओढून आणलेला.
डॉक्टर शमसा दुर्बिणीपाशी गुरूचे चंद्र दाखवतायत,
रांग पार कारंज्यापर्यंत,
आणि म्हाताऱ्याने माझी एक खुर्ची उचलली,
दुर्बिणीकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून ठेवली.
मला रांग मोडलेली खपत नाही. गेलो.
तो म्हणाला, हे दिवे.
वाहनतळाचे अठरा दिवे. वर नुसता दुधाळ धूर.
माझी अरबी लंगडी, त्याची हिंदी आंधळी.
पण बोट समजलं.

पेटीची किल्ली माझ्या कमरेला असते,
माईकसाठी दिलेली. दिव्यांसाठी नाही.
खटका खाली.

आधी पोरं ओरडली. कुणी चप्पल चाचपली.
मग सगळे गप्प,
कारण आकाश एकदम
डोक्याला लागेल इतकं खाली आलं होतं.

खल्फानने काठी उचलली: ते चार तारे, तिरडी.
बापाला नेतायत. मागून तीन मुली.
दोन दिसतात, धाकटी अजून डोंगराआड.
मी म्हणालो, आमच्याकडे ती म्हातारीची बाज,
आणि मागचे तिघे चोर.
चोर? तो इतका हसला की काठी
सगळ्या नक्षत्रांतून फिरली.

मशिदीत घड्याळ यायच्या आधी, तो म्हणाला,
धाकटी डोंगरावर आली की आमचं अथर सुरू.
फलजचं पाणी अर्धा तास आमचं.
वडील एक डोळा उघडा ठेवून झोपायचे.
मी त्याला पांझराकाठचा मामा सांगितला,
फडाचा पाटकरी, मध्यरात्री कुदळ घेऊन
बांधावरून हाळी देणारा: बारी आली रेऽऽ!
बारी त्याला कळेना.
मी वाकून मातीचं ढेकूळ उचलल्यासारखं केलं.
हां, तो म्हणाला. हां हां. आमच्यात चिंधी आणि दगड.

शमसाबाई दुर्बीण सोडून आल्या, म्हणाल्या माईक घ्या.
त्याला वीज लागते, म्हातारा म्हणाला.
मग एक खुर्ची फिरली. मग चार.
मग खरखर खरखर, सगळ्या.
तारेने बांधलेलीवर शमसाबाई बसल्या, मी श्वास धरला.
धरली तिने.

वाट बघण्यासारखं काही नव्हतं खरं तर.
डोंगराची काळी कड, आणि नर्सबायकांतली एक
हळूच काहीतरी मोजत होती.
मग कडेवर टिपूस.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
खल्फानने वहाणेतला पाय इंचभर सरकवला,
दगड बाजूला करावा तसा.

तेवढ्यात पहारेकरी दिलमान टॉर्च घेऊन धावत,
आणि अठरा दिवे पुन्हा.

नमुना भरावा लागला. दिवे बंद: नऊ बावीस ते नऊ तेहतीस.
कारण.
सगळे फ्यूज लिहितात. मीही दोनदा लिहिलंय.
लिहिलं: पाणी सोडायचं होतं.
रविवारी कारकून विचारेल, कुठलं पाणी?
खुर्च्या मोजल्या. दोनशे एकोणचाळीस.
एक अजून डोंगराकडे तोंड करून होती,
ती मोजायची राहिली.