तीन चालतात

ईरी शहरात, सरोवरावरून हिम येत असताना
डोलोरेस विष्नेव्स्की, वय अठ्ठावन्न,
क्वालिटी इंजिनिअरच्या परीक्षेला बसलीय.
पुस्तकं उघडायची मुभा आहे,
सुटा कागद मात्र चालत नाही;
म्हणून एकतीस वर्षांच्या टिपणांना
काल रात्री ओट्यावर भोकं पाडून
बुटाच्या नाडीने बांधून आणलंय तिने.

शेजारचा पोरगा तिच्या धाकट्याहून लहान.
त्याचा पाय सारखा हलतो, टेबलही.

प्रश्न एकेचाळीस:
बाराशेचा लॉट, ऐंशीचा नमुना,
सदोष निघाले तीन. काय कराल?

तक्ता तोंडपाठ.
तीन चालतात, चौथा निघाला की लॉट परत.
‘स्वीकारा’समोरचा गोल ती काळा करते,
काठाबाहेर न जाता,

आणि तिथेच अडते.

ते तीन तिच्या ओळखीचे.
लहान मुलांच्या कार-सीटची बकलं होती;
क्लिक वाजायचं,
जीभ मात्र अर्ध्यात थांबलेली.
नियमाने लॉट पास. सही तिचीच.
त्या रात्री गोदामात पालथ्या खोक्यावर बसून
उरलेली अकराशे वीस
तिने एकेक दाबून पाहिली, अंगठा सुजेतो.
निघाली आणखी एकोणचाळीस.

ओव्हरटाइम कापला गेला.
साहेब म्हणाला, डोलोरेस,
सर्टिफिकेट असतं तर तुझं ऐकलं असतं वर.

उत्तर बरोबर आहे. ती खोडत नाही.
नुसता अंगठा दाबून बघते
तर्जनीच्या पेरावर, आवाज न करता,
आणि पान उलटते.