तीनच ळ

मसुरकर कायमचे मालवणला गेले
तेव्हा ट्रेडल मला देऊन गेले, शिवाय अठरा केस,
अन् एकच सूचना: ळ जपून वापर.
खिळे ओतणारा कारखाना कधीच बंद पडलाय.

खेतवाडीच्या नवव्या गल्लीत, तळमजल्यावर
मी लग्नपत्रिका छापते.
पूर्वी हे काम घाईचं होतं: पातळ पिवळा कागद,
कोपऱ्यांना हळद, पाच दिवसांत हजार.
आता ते हौसेचं झालंय.
कापसाचा कागद, पुठ्ठ्याइतका जाड,
आणि पेडर रोडवरून आलेली माणसं
डोळे मिटून नमुन्यावर बोट फिरवतात.
अजून खोल, म्हणतात. अक्षर हाताला लागलं पाहिजे.

मसुरकरांनी चाळीस वर्षं याच्या उलट सांभाळलं.
शाई टेकावी, दाब कळू नये.
छापलेला कागद पालथा करून ट्यूबलाइटसमोर धरायचे,
पाठ कोरी दिसली
तरच चहा मागवायचे.

बकुळ तळपदे जानेवारीत आली.
सोबत निनाद काळसेकर, सोबत त्याची आई.
नावांतच तिन्ही ळ संपले.
चौथा आहे, मी म्हटलं, पण त्याची एक गाठ फुटलीय.
काळसेकर काकू म्हणाल्या, फुटका नको बाई, शुभकार्य आहे.
मग मंगळवार गाळला, नुसती तारीख ठेवली.
वेळ गाळली, मुहूर्त आला.
स्थळ गाळायला मात्र अर्धा तास गेला.
शेवटी हॉलचं नाव एकट्याच ओळीत उभं केलं
तेव्हा बकुळ हसली, म्हणाली,
स्थळ काढून टाकलंत, आता जुळवा.

जुळवते मी. तोच धंदा.
डावीकडून उजवीकडे, अक्षरं डोक्यावर उभी,
खिळ्याची खाच अंगठ्याला लागते का बघत.
दोन नावांच्या मध्ये शिशाचा एक कोरा तुकडा,
जो कधीच छापला जात नाही
आणि काढला तर ओळ ढासळते.

तीनशे पत्रिका. इतक्या खोल
की काकूंनी एक गालाला लावून पाहिली.

मार्चमध्ये ती एकटी आली,
खांद्यावर पिशवी, पिशवीत दोनशे शहाऐंशी.
मी काही विचारलं नाही.
कागद महाग होता, म्हणाली, फेकवत नाही.
मागच्या कोऱ्या बाजूला वाण्याची यादी करते,
पण पेन अडखळतं,
तूरडाळीनंतर, बरोब्बर काळसेकरपाशी.
तिने एक पालथी करून दाखवली.
नावं मागून वर आलेली, उलटी, टेंगळासारखी.
खोल तुम्हीच मागितलंत, हे मी बोलले नाही.

फर्मा अजून तसाच बांधलेला होता, फळीवर.
मी दोरी सोडली.
ब गेला ब च्या घरात, न न च्या,
ळ तिन्ही एकाच खणात.
कुठला कुणाचा होता
हे आता मलाही सांगता येणार नाही.

मग तिने ऑर्डर दिली.
पन्नास कागद, पत्रं लिहायला. वर फक्त नाव. माझं.
पत्ता?
पत्ता शोधतेय अजून.
मी खणातून दोन ळ उचलले,
तर म्हणाली, एक तो फुटका लावा ना,
तळपदेतला. कुणी वापरलाच नसेल तो.

दाब किती, हे तिने सांगितलं नाही, मीच ठरवलं.
रुळाखालचे दोन कागद काढले,
पुन्हा एक घातला, तीन प्रती वाया घालवल्या.
चौथी पालथी करून ट्यूबलाइटसमोर धरली
आणि खिडकीतून हाक मारली: दोन कटिंग.

पहिलं पत्र तिने तिथेच लिहिलं,
केसवर कोपर टेकून, हॉलच्या मॅनेजरला,
अनामत रक्कम परत करण्याबाबत.
सुवाच्य अक्षर. त्यात मंगळवार होता,
वेळ होती, स्थळ होतं,
आणि खाली, रागारागाने दोनदा अधोरेखित,
तात्काळ.