तिळाएवढी लाट

रात्रीचे दोन. माधोगंजात कोहरा इतका
की समोरच्या गजकवाल्याची पाटीसुद्धा पुसली गेलीय.
स्पेनमध्ये अजून साडेनऊ.
तिथल्या डोंगरावर बर्फ, आणि बर्फात ती तबकडी
ग्वाल्हेरातून मी सांगेन तिकडे मान वळवते.
"हवा कोरडी आहे," हेडफोनमध्ये इनाकी म्हणतो,
"नशीबवान आहेस आज."

कृत्तिकांच्या पुढे, रोहिणीच्या आसपास,
जिथे डोळ्यांना नुसता काळोख,
तिथे एक ओळ मारायची, परत यायचं, पुन्हा ओळ,
फरशी पुसणारी बाई एकही चौकट सोडत नाही तशी.
आणि दर थोड्या वेळानं
बाजूच्या रिकाम्या आकाशात जाऊन
तिथे काही नाही, हे मोजून यायचं.
नसलेलं नीट मोजलं नाही
तर असलेलं हाती लागत नाही.

ढग खरं तर हायड्रोजनचा.
पण इतक्या गारठ्यात हायड्रोजन तोंड उघडत नाही.
त्याच्या दहा हजारांत एखादा हा:
एक कार्बन, एक ऑक्सिजन, घट्ट हात धरलेले.
धक्का लागला की गिरकी घेतो,
ती गिरकी अंगात घेऊन कधी पाच-पाच महिने हिंडतो
आणि थांबताना एक लाट सोडतो,
अडीच मिलिमीटरहून जराशी मोठी.
तिळाएवढी.
तेवढ्यावरून आम्ही नकाशा काढतो.
ती निघाली तेव्हा
आमच्या घराण्यातल्या कुणी नर्मदा ओलांडली नव्हती.

अठ्ठ्याण्णवची संक्रांत दोन दिवसांवर होती.
घड्याळं दुरुस्त करणारे नरहरकाका शितोळे,
आणि त्यांची कुमुद, सहावी ब, माझ्याच बाकावरची.
खिडकीच्या फटींत वर्तमानपत्र कोंबलेलं,
दाराखाली गोणपाट,
मध्ये कोळशाची सिगडी.
सकाळी दार तोडलं.
कुमुदचे गाल असे गुलाबी
की तिची आत्या म्हणत राहिली,
हलवा जरा, गाढ झोपलीय पोर.
भिंतीवर गिऱ्हाइकांची अकरा घड्याळं
अकरा वेगळ्या वेळा दाखवत
चालू होती.

डॉक्टरांनी एक नाव सांगितलं.
वास नाही, रंग नाही, चव नाही.
ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं,
स्पेलिंग चुकवून.
पुढे प्रबंधाला हाच विषय का,
असं मला कुणी विचारलं नाही,
मीही नाही.

आई उठलीय. रजाई खांद्यावर तशीच ओढत
पडद्यासमोर येऊन उभी.
"हे काय गं, हळदकुंकू सांडल्यासारखं?"
ढग आहे, म्हटलं.
"आणि लाल आहे ते?"
आपल्यापासून दूर चाललेलं.
"कळतं कसं पण, एवढ्या लांबचं?"
मी नाव सांगितलं.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
"तोच का? कुमुदवाला?"
तोच.
तिथे तोच तेवढा बोलतो आई, बाकी सगळं गप्प असतं.
तो बोलला नसता तर
तिथे काही आहे, हेच कळलं नसतं कुणाला.
"मग इथं बोलायला
काय धाड भरली होती मेल्याला?"

ती गेली.
जाताना खिडकी चाचपली, चार बोटं उघडी आहे ना.
त्या सालापासून आमच्या घरात
थंडी अशी रोज रात्री राहायला येते.
बोटं आखडतात. कळफलक गार.

"चौतिसावी ओळ?" इनाकी विचारतो.
थांब, म्हटलं.
आधी रिकामं आकाश.