मधली प्लेट

गाडी मी सगळ्यात शेवटी पाहिली.
आधी आला तो कागद,
कॅलेंडरचा फाडलेला मार्च,
पाठीवर पेन्सिलीचं वर्तुळ आणि भोवती भोकं,
काही मोजलेली, काही अंदाजानं.
दस्तगीर मिस्त्री म्हणाला,
'हिकडनं मॅटॅडोरचं इंजिन,
तिकडनं जीपचा जुना गिअरबॉक्स.
मध्ये काय न्हाई बघ.'

उद्यमबागेत तीस वर्षं
मी लेथवर हेच कापतोय,
मध्ये जे नाही ते.

जीप बासष्टची, कणकुंबीच्या भरमाणी घाडीची.
तीनदा बोअर झालेलं पेट्रोल इंजिन,
चौथ्यांदा बोअर करायला लोखंडच उरलं नव्हतं.
चोर्ल्याच्या चढाला मध्येच उभी राहायची
पान्हा चोरणाऱ्या म्हशीगत.
दुसरं इंजिन निपाणीच्या भंगारातलं.
एअर फिल्टर उघडला तर आत तंबाखूची भुकटी,
दस्तगीर सात वेळा शिंकला
आणि डोळे पुसत म्हणाला,
'एवढी तंबाखू ओढलंय,
एक घाट ओढणार न्हाई व्हय?'

बारा मिलीचा पत्रा चकवर बांधला.
एका अंगाची भोकं दुसऱ्या अंगाच्या भोकांना ओळखत नाहीत,
ओळखायची गरजही नाही.
केंद्र तेवढं एक लागतं.
त्यात केसाएवढी चूक झाली
की बेअरिंग रडतं, क्लच जळतो,
मालक रडतो ते वेगळंच.
डायलचा काटा शून्याशी येत होता, येतच होता,
आणि लाईट गेली.
चक आपल्या आपण फिरत हळू झाला.
दोन तास मी अंधारात त्याच्यावर हात ठेवून बसलो,
कुणी हलवू नये म्हणून.
हलवायला होतं कोण?

प्लेट बसली.
बाकी काही बसेना.
चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलला टेकला,
तो कापून, उथळ करून पुन्हा वेल्डिंग.
पंखा रेडिएटरला घासला.
बॉनेट दोन बोटं उघडंच राहिलं,
भरमाणीनं त्याला आपला कमरेचा पट्टा बांधला
आणि विजार एका हातानं धरून
दुसऱ्यानं चावी फिरवली.
आधी पांढरा धूर. मग काळा.
मग पत्र्याची शेड थरथरायला लागली,
पिंपावरचे चहाचे ग्लास
चालत चालत काठापर्यंत गेले.
एक पडला.
दस्तगीर म्हणाला, 'पडू दे, लागू झालं.'

पंधरा दिवसांनी फोन.
'चढतंय की! दुसऱ्यात चढतंय.
सपाटीला जरा मंद हाय, खरं चालतंय.
खरं कुत्रं भुंकतंय माझ्यावर.
आवाज वळखत न्हाई.
मी खाली उतरलो की मग शेपूट हलवतंय,
लाजल्यासारखं.'

आरटीओत कानडीत नोंद झाली.
इंजिन नंबर खोडून दुसरा,
पेट्रोल खोडून डिझेल.
चेसिस नंबर तोच, रंगही तोच,
म्हणजे जो उरलाय तो.
प्लेटला रकाना नव्हता.
तिला नंबरही नाही.
कोपऱ्यात मी पंचनं एक टिंब मारलंय, एवढंच,
बसवताना वरची बाजू कळावी म्हणून.

प्लेटच्या मधून निघालेलं गोल मी घरी नेलं.
दोन किलो सातशे.
आमची शांतव्वा ते लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर ठेवते,
मांजरानं पाडू नये म्हणून.
पाहुणी विचारते, हे कशाचं हो?
गाडीचं, मी म्हणतो.
कुठं लागतंय गाडीला?
कुठंच नाही.
हे काढलं तेव्हा जी जागा झाली
तिच्यातून आता शाफ्ट फिरतोय.